तांदळावरची बुरशी आणि रात्रीची गोळी

पन्नाशी उलटली की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात आणि रात्रीच्या गोळ्यांत एक स्टॅटिन येऊन बसते. माझ्याही डबीत ती आहे. पोटऱ्या दुखल्या की पहिला संशय तिच्यावरच जातो. हा संशय या औषधाइतकाच जुना आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

जपानच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो नावाचे संशोधक होते. मूळचे शेतकऱ्याघरचे. शरीर स्वतःच कोलेस्टेरॉल बनवते. ते काम अडवणारा पदार्थ एखाद्या बुरशीत मिळेल, असे त्यांना वाटले. १९७१ पासून दोन वर्षे त्यांनी सहा हजारांहून अधिक बुरशी तपासल्या. अखेर क्योटोच्या एका धान्य दुकानातील तांदळावरच्या बुरशीत तो सापडला. (आमच्या घरी असा तांदूळ अम्मी सरळ फेकून द्यायची.) या पदार्थाचे नाव कॉम्पॅक्टिन. पण उंदरांवर त्याचा काहीच परिणाम दिसेना. प्रकरण गुंडाळायची वेळ आली, तेव्हा १९७६ मध्ये एका सहकाऱ्याच्या मदतीने एंडोंनी ते अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना दिले. कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले!

१९७८ मध्ये ओसाकाचे डॉ. अकिरा यामामोतो यांनी ते अठरा वर्षांच्या एका मुलीला दिले. तिला आनुवंशिक आजार होता, कोलेस्टेरॉल हजाराच्या घरात. ते उतरू लागले, आणि दोनेक आठवड्यांत तिचे स्नायू अशक्त झाले. म्हणजे पहिल्याच रुग्णात गुण आणि दोष दोन्ही दिसले. यामामोतोंनी औषध थांबवले, पण टाकून दिले नाही. मात्रा कमी करून पुन्हा सुरू केले. या वेळी कोलेस्टेरॉल उतरले आणि स्नायूंचा त्रास झाला नाही. मला या गोष्टीतला खरा नायक हा डॉक्टर वाटतो.

१९८० मध्ये कुत्र्यांना कर्करोग होत असल्याच्या शंकेवरून सांक्योने काम बंद केले. ते ऐकून अमेरिकेच्या मर्क कंपनीनेही आपल्या लोवास्टॅटिनच्या चाचण्या थांबवल्या. मर्कने पुढे प्राण्यांवर दीर्घ तपासण्या करून काम पुन्हा हाती घेतले आणि १९८७ मध्ये लोवास्टॅटिनला परवानगी मिळाली. १९९४ साली उत्तर युरोपातल्या ४४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. सिमवास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू तीस टक्क्यांनी कमी होते.

तरी सावधपणा सुटला की काय होते, ते २००१ मध्ये दिसले. बायर कंपनीचे सेरिवास्टॅटिन ऑगस्टमध्ये बाजारातून काढावे लागले. स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी झाल्याने पन्नासहून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. त्यांतले बरेच रुग्ण मोठी मात्रा घेत होते, किंवा सोबत जेमफायब्रोझिल हे दुसरे औषध.

याची दुसरी बाजूही आहे. २०२० मध्ये लंडनच्या संशोधकांनी, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी, तर काही महिने काहीच दिले नाही. कोणती गोळी खरी, हे त्यांना ठाऊक नव्हते. खऱ्या गोळीने जो त्रास होई, त्याच्या नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला. दुखणे खोटे नव्हते, गुन्हेगार वेगळा होता. साखर थोडी वाढू शकते, हे मात्र खरे. अमेरिकेने २०१२ पासून तशी सूचना औषधावर छापायला लावली. आणि स्नायू असह्य दुखून लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

माझ्या पोटऱ्यांचे म्हणाल, तर स्नायूंची रक्ततपासणी नीट आली. डॉक्टरांनी वीसची गोळी दहाची केली. पावसाळ्यात पोटऱ्या अजूनही दुखतात.