सागवानातला पूर्वज : मेळघाटचे कोरकू स्मृतिखांब

आजचा विषय एका लाकडी फळीचा आहे. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसाल करत आपण धारणीकडे गेलो, की सगळा कोरकूंचा मुलूख लागतो. या लोकांत मेलेल्या माणसासाठी सागवानाचा एक खांब कोरून उभा करण्याची जुनी रीत आहे. खांबाला मुंडा म्हणतात. (कोरकू भाषा ज्या भाषाकुळातली, त्याचंही नाव मुंडा; दोन्हींची गल्लत करू नका.) या खांबावर माणूस कोरलेला असतो, पण त्याचं तोंडवळ्याचं साम्य शोधायला गेलात तर सापडत नाही. तरीही घरच्यांच्या लेखी तो आजा असतो, बाप असतो. हे कसं होतं, आणि गेल्या दीडशे वर्षांत या रीतीचं काय झालं, एवढंच आज पाहायचं आहे.

आधी माणसं समजून घेऊ. कोरकू भाषेत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे कोरकू याचा अर्थ सरळ ‘माणसं’. संथाळी, मुंडारी या भाषा पूर्वेला झारखंडाकडे बोलतात. त्यांची ही सगळ्यात पश्चिमेकडची बहीण सातपुड्यात येऊन राहिली आहे. धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटचे दोन तालुके, पलीकडे मध्य प्रदेशात बैतूल, बऱ्हाणपूर, खांडवा. राज्यांची हद्द अलीकडची, माणसं त्याआधीची.

कोरकूंमध्ये मृताला बहुधा पुरतात. पण पुरलं म्हणजे संपलं, असं ते मानत नाहीत. पुरल्यावर माणूस मधल्यामध्ये असतो. तो घरातला राहिलेला नसतो आणि पूर्वजांत अजून गेलेला नसतो. त्याला पूर्वजांत नेऊन बसवायचा विधी वेगळा, त्याला सिडोली म्हणतात. काही भागांत फुलजगनी असंही नाव आहे. हा विधी तेराव्याला उरकायचा नसतो. बकरं लागतं, सोयरेधायरे जमवावे लागतात, सगळ्यांना जेवू घालावं लागतं. म्हणून ऐपत होईपर्यंत थांबतात. कधी वर्ष, कधी अनेक वर्षं. पुष्कळदा घरातल्या तीन-चार मृतांचं एकदमच करतात. खांब लागतो तो इथे.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर जो मोठा ग्रंथ 1916 साली काढला, त्यात या खांबाचं वर्णन आहे. वर सूर्य आणि चंद्र. त्यांच्याजवळ एक कोळी, म्हणजे जाळं विणणारा किडा, आणि माणसाचा एक कान. खाली घोड्यावर बसलेला, हाती शस्त्र घेतलेला माणूस. तोच तो मृत. काही खांबांवर हातात हात धरून नाचणाऱ्या माणसांची रांगही दिसते. त्या ग्रंथात आणखी एक नोंद आहे. खरी रीत प्रत्येक पूर्वजाला एक खांब अशी, पण एकाच खांबावर सगळ्यांचं भागवायला लोकांनी तेव्हाच सुरुवात केली होती. म्हणजे खर्चाची ओढाताण आजचीच आहे असं नाही.

आता हा घोडेस्वार जरा नीट बघा. जगात लाकडात चेहरे कोरणारे पुष्कळ आहेत. युरोप-अमेरिकेत हौशी कारागीर ‘वुड स्पिरिट’ नावाचा प्रकार कोरतात. ओंडक्यातून बाहेर डोकावणारा दाढीवाला म्हातारा, कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, दाढीचा केस न् केस. जितका तपशील जास्त तितकं कौशल्य मोठं. त्या कामात समजूत अशी, की आत्मा लाकडात आधीपासून आहे, कोरणारा फक्त बाहेरचं लाकूड काढून टाकतो.

मेळघाटच्या खांबावर आठ्याही नाहीत आणि सुरकुत्याही नाहीत. याला लाकडाचंही कारण देता येईल. सागाचा गाभा तेलकट, वाळवीला दाद न देणारा, म्हणून उन्हापावसात उभा राहायला उत्तम. पण त्याचा पोत एकसारखा नसतो. वर्षाच्या वाढीच्या पट्ट्यांत एक भाग मोठ्या छिद्रांचा आणि मऊ, दुसरा घट्ट. बारीक रेघ मारायला गेलं की मऊ जागी कपची उडते. शिवाय सागात वाळूचाच अंश असतो, तो पटाशीची धार पटकन खातो. म्हणून ठसठशीत आकार, उथळ उठाव, हेच या लाकडाला मानवतं. पण एवढ्यावर आमचं समाधान होत नाही. चेहरा हवाच असता तर माणसानं मऊ लाकूड शोधलं असतं. आमच्या मते चेहऱ्याची इथे गरजच नाही, कारण आत्मा लाकडात आधीपासून नसतो. तो विधीनं तिथं आणायचा असतो, आणि आणायचा तो पुढे पोचवण्यासाठी.

तत्त्वज्ञानात हा प्रश्न जुना आहे. न्यायसूत्रांत शब्दाचा अर्थ काय, व्यक्ती की आकृती की जाती, असा वाद चालतो. त्यात मातीच्या गाईचं उदाहरण येतं. मातीची गाय ही वस्तू आहे, तिला गाईचा आकारही आहे. पण ‘गाईवर पाणी शिंपडा, गाय आणा, गाय दान द्या’ असं म्हटलं तर तिला कुणी आणत नाही. कारण तिच्यात गोत्व नाही. म्हणून न्यायाचं म्हणणं, नुसती आकृती पुरत नाही. तर्क चोख आहे. पण तो घेऊन तुम्ही नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला जा. पोरं लाकडाचा बैल सजवून आणतात, त्याला टिळा लागतो, ओवाळणी होते. तो नांगर ओढणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी त्या दिवशी मान त्याचाच. गौतमाला जे मातीच्या गाईबाबत होत नाही असं वाटलं, ते आमच्या विदर्भात दरवर्षी होतं. ते होण्यासाठी आकृती हुबेहूब लागत नाही. लागतात ती भोवती जमून तिला मान देणारी माणसं. कोरकूंचा खांबही तसाच. त्या घोडेस्वाराला आजा करतात ती नाचणारी, रडणारी, जेवणारी मंडळी.

इथे कुणी विचारेल, मग वीरगळ काय वेगळे? महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ आहेत, त्यांच्याही माथ्यावर सूर्यचंद्र असतात. पण दोन फरक आहेत. वीरगळ बहुतेक लढाईत किंवा गुरं सोडवताना पडलेल्याचा. कोरकूंचा खांब खाटेवर मेलेल्या साध्या माणसाचाही. जन्मभर ज्याच्याकडे घोडा नव्हता तोही इथे घोड्यावर बसतो. आणि दुसरं, वीरगळ दगडाचा. चंद्रसूर्य असेपर्यंत कीर्ती राहो, असं दगड म्हणतो. लाकूड तसं म्हणत नाही. साग टिकतो खरा, पण कधीतरी झिजतो, कलतो, मातीत जातो. तोवर मृत पूर्वजांत पोचलेला असतो.

कोरकूंच्या उत्पत्तिकथेतही मूर्ती आणि प्राण हाच धागा आहे. रावणाला विंध्य-सातपुडा ओसाड दिसला, त्यानं महादेवाला विनवलं की इथे माणसं वसव. महादेवानं कागेश्वर नावाच्या कावळ्याकरवी लाल मातीचं वारूळ शोधवलं आणि त्या मातीची बाई-पुरुषाची बाहुली केली. इंद्राच्या घोड्यांनी ती तुडवली. मग महादेवानं कुत्री करून राखणीला ठेवली आणि पुन्हा माणसं घडवून त्यांच्यात प्राण घातला. कथेत मातीच्या आकृतीत प्राण येतो आणि माणूस होतो. सिडोलीत माणूस जातो आणि लाकडाची आकृती मागे राहते. या दोहोंचा संबंध कोरकू स्वतः जोडतात असा आमचा दावा नाही. पण शेजारी ठेवून वाचल्या तर दोन्ही एकमेकींवर प्रकाश टाकतात.

आता इतिहासाचा अवघड भाग. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. सागवान इंग्रजांना हवं होतं. मेळघाटचं जंगल राखीव झालं. वन कायद्यानं राखीव जंगलातलं झाड परवानगीवाचून तोडणं गुन्हा ठरलं. म्हणजे आज्याच्या नावानं आणायचा एक ओंडका, तोही चोरीचा माल झाला. 1974 साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. वाघ राहिला पाहिजे, यात शंका नाही. पण पुढे बोरी, कोहा, कुंड अशी गावं उठून खाली अकोटकडे गेली, त्यांच्यामागून आणखी गेली. घराचा मोबदला ठरवता येतो, शेताचा येतो. पूर्वज जिथे बसवला त्या जागेला कोणत्या रकान्यात लिहायचं?

2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर हक्क दिला. तेंदू, मोह, बांबू त्यात आले. पण व्याख्येनंच इमारती लाकूड वगळलं, म्हणजे साग बाहेर. त्याच कायद्यात परंपरेनं चालत आलेल्या इतर हक्कांचं कलम आहे. गावाला पूर्वजासाठी वर्षाकाठी चार-दोन झाडं लागतील, ती त्या कलमात बसवायला कुणाची हरकत असावी, असं आम्हाला वाटत नाही. फक्त ग्रामसभेनं मागावं लागेल आणि मागणाऱ्याच्या बाजूनं आपण बोलावं लागेल.

आज कोरकूंचे कोरीव खांब भोपाळसारख्या शहरांतल्या संग्रहालयांत मांडलेले दिसतात. संग्रहालयानं ते वाळवीपासून वाचवले, ही चांगलीच गोष्ट. पण तिथे तो खांब गौतमाच्या मातीच्या गाईसारखा होतो. आकृती पूर्ण असते आणि बोलावणारं कुणी नसतं. म्हणून मंडळी, मेळघाटात गेलात आणि एखाद्या झाडाखाली कललेला, झिजलेला खांब दिसला, तर तो सरळ करू नका, उचलू तर मुळीच नका. गावात जाऊन विचारा, हा कुणाचा. सांगणारा माणूस अजून भेटतो. तो भेटतो आहे तोवर हा इतिहास लाकडातून आणि आमच्या व्याख्यानातून नव्हे, त्याच्या तोंडून ऐकावा.

इथेच थांबतो.