अंशदायी हयगय

दुसऱ्याच्या हयगयीने शरीराची वा मालमत्तेची हानी झाली म्हणून जो नुकसानभरपाईचा दावा लावतो, त्याच्या स्वतःच्या गैरसावधपणाचाही त्या हानीत हिस्सा असल्यास तेवढ्यापुरती भरपाईत वजावट करण्याचा, अपकृत्यांच्या कायद्यातील नियम.

मूळचा नियम फार निष्ठुर होता. इंग्लंडातील डर्बी गावी एका इसमाने घरदुरुस्तीसाठी रस्त्यावर आडवा वासा टाकला असता, ऑगस्टातल्या एका सायंकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, मद्यगृहातून निघून भरधाव येणारा घोडेस्वार त्यावर आदळून जबर जखमी झाला; परंतु शंभर यार्डांवरून वासा दिसावा इतका उजेड तेव्हा होता, असा पुरावा आल्याने १८०९ साली लॉर्ड एलनबरो प्रभृती न्यायाधीशांनी त्याचा दावा समूळ अमान्य केला. रस्ता अडविणारा निर्दोष नव्हता, तरी तो सर्वस्वी सुटला, आणि हेच या न्यायाचे वैगुण्य होय. पुढे या निष्ठुरतेला थोडी मुरड पडली: १८४२ च्या एका मुकदम्यात, पाय बांधून रस्त्यावर सोडलेले गाढव भरधाव गाडीखाली मेले तेव्हा, अपघात टाळण्याची संधी गाडीवानास होती म्हणून गाढवाच्या धन्यास भरपाई मिळाली. तथापि दोषाची वाटणी करण्याची मुभा इंग्लंडातील न्यायालयांना १९४५ च्या अधिनियमानेच सर्वसाधारणपणे लाभली.

भारतीय न्यायालयांनी वाटणीचे तत्त्व अंगीकारले आहे. मुंबईतील बेस्टच्या बसच्या अपघातात मृत्यू पावलेल्या तरुण सायकलस्वाराकडे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली २५ टक्के दोष ठेवला. अल्पवयीन मुलाची सावधगिरी मात्र त्याच्या वयाच्या मानानेच जोखतात.

कायद्याचा भंग म्हणजे अंशदायी हयगय नव्हे, ही गोष्ट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे वारंवार नजरेआड होते, आणि तिची झळ जखमींना व मृतांच्या वारसांना पोचते. परवाना नसणे एवढ्यावरून गाडी चालविणाऱ्यास दोषी धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ठरविले. दिल्लीतील एका प्रकरणात एका मोटारसायकलीवर तिघे बसले होते आणि मागून आलेल्या मोटारीने त्यांना धडक दिली. तिघे बसल्याच्या कारणावरून उच्च न्यायालयाने भरपाईतून १० टक्के कापले होते. तिसऱ्याच्या बसण्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, असा कार्यकारणसंबंध शाबित झाला नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ती वजावट रद्द केली. हा संबंध शाबित करण्याचा भार जखमीवर नसून, त्याच्यावर दोष ठेवणाऱ्या वाहनमालकावर व विमा कंपनीवर असतो.