मुक्या रुग्णांचे डॉक्टर ऑस्लर

"काय होतंय?" डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो. पण रुग्ण गाय, घोडा किंवा कुत्रा असेल, तर उत्तर कोण देणार? म्हणूनच पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला आधी बघायला शिकावं लागतं. जनावर कोणत्या पायावर भार टाकत नाही, रवंथ करतंय का, शेण कसं आहे, श्वास घेताना नाकपुड्या फुलतात का? आधी दिसेल ते सांगायचं, रोगाचं नाव नंतर.

आधुनिक वैद्यकशास्त्राचे एक जनक मानले जाणारे सर विल्यम ऑस्लर (१८४९–१९१९) हे अशाच विद्यार्थ्यांचेही शिक्षक होते, हे तुम्हाला माहीत आहे का?

ऑस्लर १८७२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून डॉक्टर झाले. पुढे ते बर्लिनला गेले. तिथे त्यांना रुडॉल्फ विर्शो यांच्याकडे शिकायला मिळालं. माणसाचं आणि जनावरांचं वैद्यक मुळात एकच, असं विर्शो मानत. १८७४ मध्ये ऑस्लर मॅकगिलमध्ये शिकवू लागले आणि तिथल्या डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांबरोबरच माँट्रियल पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनाही शिकवू लागले.

त्या काळात माँट्रियलमधल्या शिकारी कुत्र्यांची पिल्लं खोकून खोकून मरत होती. ऑस्लरनी मेलेल्या पिल्लांचं शवविच्छेदन केलं. श्वासनलिका जिथे दुभंगते, तिथे आतल्या बाजूला बारीक गाठी होत्या आणि त्या गाठींत सूक्ष्म कृमी होते. हे निरीक्षण त्यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या कृमीच्या शास्त्रीय नावात आजही ऑस्लर यांचं नाव आहे.

पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या खोलीतून उठवून रुग्णाच्या खाटेजवळ नेलं. आज आपण ज्याला क्लिनिकल शिक्षण म्हणतो, ते रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

तुम्हाला याचा काय उपयोग? आपल्या घरातही न बोलणारे रुग्ण असतात: तान्ही बाळं, स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा. त्यांचं दुखणं तुमच्या नजरेलाच पकडावं लागतं.

बाळाला सर्दी-खोकला असेल तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध पीत नसेल किंवा फार सुस्त असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.

आजी-आजोबांनी अचानक जेवण सोडलं, कूस बदलताना ते कण्हू लागले किंवा एकाएकी जास्त गोंधळले, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

आणि दवाखान्यात आलात की "न्यूमोनिया वाटतोय" असं सांगण्याऐवजी काय दिसलं, केव्हापासून आणि किती वेळा, ते सांगा. निदान आम्ही करू. पण घरी काय दिसलं हे फक्त तुम्हीच सांगू शकता.