दारातल्या झरोक्यापासून दुसऱ्या इमारतीपर्यंत : घरगुती कॅमेऱ्यांच्या जाळ्याचा इतिहास

१/ घर, आवारातील गोदाम आणि पलीकडची इमारत यांवरचे कॅमेरे आज एकाच पडद्यावर पाहता येतात. या सोयीमागे सहा दशकांचा इतिहास आहे. त्यात तंत्राइतकाच महत्त्वाचा प्रश्न मालकीचा आहे : दिसणारे चित्र कोणाचे?

२/ बंदिस्त परिपथातील दूरचित्रवाणीचा आरंभ लष्करी होता. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-२ अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे, म्हणून अभियंता वॉल्टर ब्रूख यांनी अशी व्यवस्था उभारली. हा कॅमेरा सामान्य माणसाच्या दारात येण्यास आणखी पाव शतक जावे लागले.

३/ मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या कृष्णवर्णीय परिचारिका न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहत. पती अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ होते. दोघांच्या कामाच्या वेळा जुळत नसत, त्यामुळे मेरी अनेकदा घरी एकट्या असत. परिसरात गुन्हेगारी वाढली होती आणि हाक मारली तरी पोलीस लवकर येत नसत.

४/ १ ऑगस्ट १९६६ रोजी या दांपत्याने पेटंटसाठी अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ रोजी ते मंजूर झाले. क्रमांक ३४८२०३७. दारात एकाखाली एक झरोके आणि त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा. शयनगृहातील पडद्यावर आगंतुकाचा चेहरा. त्याच्याशी बोलण्यासाठी ध्वनिक्षेपक. दार दुरून उघडणारे बटण आणि मदत बोलावणारी धोक्याची सूचना. आजच्या दारावरच्या कॅमेऱ्याचे जवळजवळ सारे घटक येथे आढळतात.

५/ या रचनेत पडदा घरातच होता. पाहणारी व्यक्ती घरात राहणारीच होती, आणि बाहेर खबर द्यायची की नाही हे तीच ठरवीत असे.

६/ पुढील अडचण तारेची होती. जुन्या पद्धतीत प्रत्येक कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत स्वतंत्र केबल ओढावी लागे. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत निराळा मार्ग निघाला. कॉफीचे भांडे भरलेले आहे की रिकामे, हे जागेवरूनच कळावे म्हणून संशोधकांनी त्याचे चित्र अंतर्गत संगणक जाळ्यावर सोडले. १९९३ पासून ते जगभर दिसू लागले.

७/ १९९६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने 'नेटआय २००' बाजारात आणला. संगणकाच्या मध्यस्थीशिवाय थेट जाळ्याला जोडता येणारा हा पहिला कॅमेरा मानला जातो. पूर्ण आकाराचे एक चित्र पाठवायला त्याला सुमारे १७ सेकंद लागत. तरीही तत्त्व बदलले : एकाच जाळ्यावर आता अनेक कॅमेरे बसू शकत होते.

८/ दोन इमारती जोडताना मात्र भौतिकशास्त्र आडवे येते. इथरनेटच्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. शिवाय दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असल्यास केबलमधून नको तो प्रवाह वाहतो, आणि जवळ वीज पडली तर दोन्हीकडची उपकरणे जळू शकतात. म्हणून ऑप्टिकल फायबर श्रेयस्कर ठरते. काच वीज वाहून नेत नाही. खोदकाम शक्य नसेल तर छतावर समोरासमोर दोन अँटेना बसवून बिनतारी पूल बांधतात. त्याला मध्ये झाडही आड न येणारी थेट दृष्टिरेषा लागते.

९/ जाळे इंटरनेटला जोडले गेले आणि धोकाही आत आला. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने 'डिन' कंपनीवर हल्ला केला; ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अनेकांसाठी काही तास बंद पडली. घर राखणाऱ्या यंत्राला कोणा परक्याचा हुकूम चालला होता आणि मालकाला त्याचा पत्ताही नव्हता.

१०/ अ‍ॅमेझॉनने २०१८ मध्ये 'रिंग' विकत घेतली. तिच्या शेजारसंवादाच्या ॲपमधून अमेरिकी पोलिसांना रहिवाशांकडे चित्रणाची मागणी करता येई. नागरी हक्क संघटनांनी दीर्घकाळ टीका केली. जानेवारी २०२४ मध्ये ती सोय बंद करण्याची घोषणा झाली.

११/ ब्राउन दांपत्याच्या रचनेत खबर देणे रहिवाशाच्या हाती होते, कारण चित्र घराबाहेर जातच नव्हते. आज ते दुसऱ्या इमारतीत, कंपनीच्या सर्व्हरवर, कधी पोलिसांपर्यंत जाते. म्हणूनच कॅमेऱ्यांसाठी वेगळे जाळे, बदललेला पासवर्ड आणि घरातच साठवलेले चित्रण या गोष्टींना केवळ तांत्रिक खबरदारी म्हणता येत नाही. १९६६ साली मेरी ब्राउन यांच्या हाती असलेला अधिकार त्यांमुळेच घरमालकाकडे राहतो.

(समाप्त)