डिसेंबर 2013 : चितेगाव ते हणजूण

बुधवार, 11 डिसेंबर 2013. तू चितेगावात आहेस, पैठण रस्त्यावर, औरंगाबादपासून चौदा किलोमीटरच्या दगडापाशी. वय सत्तावीस. व्हिडिओकॉनची पहिली शिफ्ट सुटली आहे आणि काळी-पिवळी भरेपर्यंत पोरं टपरीवर चहा घेतायत. कोपऱ्यातल्या टीव्हीवर सुप्रीम कोर्टाची इमारत दिसते, खालून पट्टी सरकते : कलम 377 कायम.

"हे कोणतं कलम रे?" शेजारचा विचारतो. दुसरा त्याला हातवारे करून समजावतो आणि सगळे हसतात. तूही हसतोस. सगळ्यांच्या बरोबरीनं, ना कमी ना जास्त, असं हसायला तू शाळेतच शिकलास.

तू पुढच्या काळातून आला आहेस. 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायमूर्ती हा निकाल रद्द करतील, हे तुला माहीत आहे. पण ज्याच्या अंगात शिरलास त्याला ते कळवायची सोय नाही. त्याला एवढंच कळतं की 2 जुलै 2009 ला समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हणत दिल्ली हायकोर्टानं जे दिलं, ते आज काढून घेतलं. दीडशे वर्षांत दोनशेहून कमी खटले झाले, अशा लोकांची संख्या अगदी थोडी, असंही निकालात म्हटलंय. खटले मोजले. टपरीवर हसणारे कोण मोजणार?

आणि खिशात गोव्याला जाणाऱ्या बसचं तिकीट आहे, महिन्यापूर्वी काढलेलं.

सोबत येणारा पुण्याचा. प्लॅनेट रोमिओ या डेटिंग साइटवर भेटला, दोघांच्याही प्रोफाइलवर चेहरा नव्हता. बिंदुमाधव खिरेंचं 'पार्टनर' त्यानंच तुला कुरियरनं पाठवलं. तू त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंस आणि खोलीतला दुसरा पोरगा रात्रपाळीला गेला की वाचलंस. मराठीत, आपल्यासारख्या घरातल्या मुलाची गोष्ट. ते वाचेपर्यंत तुला वाटायचं, हे फक्त इंग्रजीतल्या माणसांना होतं.

रविवारी, 15 तारखेला, अनेक शहरांत लोक निषेधाला रस्त्यावर उतरतात. तुम्ही दोघं पुण्यात बसची वाट बघत त्या गर्दीचे फोटो फोनवर बघता. जायचं मनात येतं, पण कॅमेरे असतील. त्या दिवशी घरी बसलेल्यांना भित्रं म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. कुणाची नोकरी, कुणाच्या बहिणीचं लग्न, सगळं एका फोटोवर टांगलेलं होतं.

सोमवारी सकाळी म्हापसा. दोन पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, एकेकाच्या मागे एकेक, आणि हणजूणपर्यंत ओला वारा. गेस्ट हाउसच्या बाईंना सांगायला तू वाक्य तयार ठेवलंयस : आम्ही मावसभाऊ. सातारा, कोल्हापूर, आंबोली, सगळा घाट ते मनात घोकत आलास. बाई रजिस्टर पुढे सरकवतात, ओळखपत्रं बघतात, "एसी की साधी?" विचारतात आणि किल्ली देतात. बस. खोलीत आल्यावर तुझे पाय थरथरतात. इथेही कलम तेच आहे, हे तू विसरलेला नाहीस. पण कुणी काही विचारत नाही, याचंच इतकं ओझं उतरतं की तू दुपारभर झोपतोस, कित्येक वर्षांत झोपला नव्हतास तसा.

मंगळवारी मार्गशीर्ष पौर्णिमा. भरती आलीय, जांभ्याच्या काळ्या खडकांवर पाणी फुटतंय. शॅकमधल्या शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे, एक कॅनडाचा, एक मेक्सिकोचा. बाविशीपासून एकत्र आहेत. मेक्सिकोचा पुएर्तो व्हायार्ताबद्दल सांगत सुटतो : पॅसिफिकच्या काठचं, एकेकाळचं छोटं गाव. 1963 मध्ये जॉन ह्यूस्टननं तिथल्या किनाऱ्यावर टेनेसी विल्यम्सच्या नाटकाचा सिनेमा केला आणि जगाला ते नाव कळलं. आता लोस मुएर्तोस किनाऱ्यावर आमच्यासारखी जोडपी उन्हात पडून असतात, म्हणतो.

"तुमच्याकडे कायदा नाही?" तू मोडक्या इंग्रजीत विचारतोस.

मेक्सिकोच्या 1871 च्या दंडसंहितेतच तो गुन्हा उरला नव्हता. आपल्याकडे 1860 ची संहिता लागू होऊन दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा. पण म्हातारा मान हलवतो. 1901 मध्ये मेक्सिको शहरात एका नाचावर पोलिसांनी धाड घातली, एक्केचाळीस पुरुष धरले, आणि तेव्हापासून तिथे 41 हा आकडाच शिवी होऊन बसला. कायद्यात काही नव्हतं, तरी. लग्नाचा हक्क त्या शहरात 2010 च्या मार्चमध्ये आला. अधली शंभरेक वर्षं लोकांचं हसणं पुसण्यात गेली, असं तो म्हणतो, आणि तुला चितेगावची टपरी आठवते.

ते दोघं उठतात. कॅनडावाल्याचा गुडघा दुखतो, दुसरा त्याचा हात धरून वाळू उतरवतो. कुणी वळून बघत नाही. तू मात्र दिसेनासे होईपर्यंत बघत राहतोस. दोन पुरुषांनी म्हातारं व्हायचं कसं, हे तुला आजवर कुणी दाखवलंच नव्हतं. सुट्टीचं मोल मला इथे दिसतं. समुद्र काय, जायकवाडीचं पाणीही अथांगच आहे.

बुधवारी हणजूणचा बाजार. तुझा सोबती एका शर्टाचा भाव करतोय. तेवढ्यात दादाचा फोन.

"रविवारी सुट्टी टाक. बिडकीनला मुलगी बघायला जायचंय. मायनं शब्द दिलाय."

"दादा, त्यांना नको म्हणून कळव."

"का रे?"

"आल्यावर सांगतो. आधी तुला, मग मायला."

तिकडून बराच वेळ आवाज येत नाही. मग दादा हळू विचारतो, "एकटाच आहेस का तिकडं?"

"नाही दादा. सोबत माणूस आहे."