फ्लोरा फाउंटनचे पाणी : चर्चगेट ते घोटी

१/
मुंबईच्या फोर्ट भागात, हुतात्मा चौकात, फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेचे शिल्प मिरवणारे एक दगडी कारंजे उभे आहे. त्याच्या शिल्पकलेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु कारंज्याच्या इतिहासात शिल्पाइतकाच महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा असतो. ते येते कोठून, आणि कोणाच्या वाट्याचे येते? या प्रश्नाचा माग काढत गेल्यास वाट थळ घाट चढून घोटीपर्यंत पोहोचते.

२/
प्रथम जागा पाहू. कारंजे आज जेथे आहे तेथे इंग्रजांच्या किल्ल्याचा एक दरवाजा होता. त्यातून आत शिरल्यावर वाट सेंट थॉमस चर्चकडे जाई, म्हणून त्याचे नाव चर्चगेट. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, तटबंदी पाडण्यात आली. दरवाजा गेला; नाव तेवढे रेल्वे स्थानकाने जपले.

३/
कारंजे मुळात या जागेसाठी नव्हतेच. ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेने ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानासाठी, म्हणजे आजच्या राणीच्या बागेसाठी, योजले होते. फ्रिअर यांचे नाव त्याला द्यावे असाही विचार होता. आराखडा नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्साइथ यांचे, दगड इंग्लंडमधील पोर्टलंडचा. खर्च सुमारे ४७,००० रुपये. त्यांपैकी २०,००० रुपये कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले.

४/
त्यापूर्वी मुंबई विहिरींवर आणि तलावांवर जगत होती. कारंज्यापासून थोड्याच अंतरावर १७२५ मध्ये खोदलेली भिका बेहराम विहीर आजही आहे. समुद्र इतका जवळ असूनही तिचे पाणी गोडे लागले, म्हणून तिची ख्याती. मात्र लोकसंख्या वाढली तशा विहिरी अपुऱ्या पडू लागल्या. १८५० च्या दशकाच्या मध्यात टंचाई इतकी तीव्र झाली, की गुरे शहराबाहेर हलवावी लागली.

५/
त्यावर उपाय म्हणून साष्टी बेटावर, मिठी नदीच्या खोऱ्यात, विहार तलाव बांधण्यात आला. हेन्री कॉनिबेअर यांची ही योजना १८६० मध्ये पूर्ण झाली. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्याने पाणी स्वतःच्याच भाराने लोखंडी नळांतून खाली येई. कारंज्याला हवा असतो तो हाच दाब. विहिरीवर रहाट चालतो, कारंजे चालत नाही.

६/
हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नव्हते. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावांतून बंदिस्त नळाने पुण्यात पाणी आणले होते. त्यावर पेठांतील हौद भरत. शनिवारवाड्यातील हजारी कारंजेही त्याच काळच्या पुण्याचे वैभव. उंचावरचे पाणी अडवावे आणि उतारावरच्या शहरात न्यावे, हा उपाय आपल्याकडे जुनाच. मुंबईत बदलले ते प्रमाण.

७/
विहार पुरेनासा झाला, तेव्हा १८७९ मध्ये तुळशी तलाव आला. तोही पुरेना, म्हणून १८९२ मध्ये तानसा. तानसा ही मोठी झेप होती, कारण या वेळी शहर बेटांची हद्द ओलांडून ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ मुलखात गेले. पाण्यासाठी मुंबई आता उघडपणे मुख्य भूमीवर अवलंबून होती.

८/
या अवलंबित्वाचा राजकीय अर्थ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका ओळखला. भाषावार प्रांत आयोगापुढे १९४८ मध्ये सादर केलेल्या निवेदनात, मुंबई महाराष्ट्राचीच का, याच्या समर्थनार्थ त्यांनी वीज आणि पाणी यांचा दाखला दिला. शहराची वीज महाराष्ट्रातून येते, पिण्याचे पाणीही महाराष्ट्रातून येते. तो पुरवठा थांबला तर मुंबईचे मोहेंजोदडो होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

९/
हा वाद अखेर त्या कारंज्यापाशीच रक्ताने लिहिला गेला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधिमंडळाकडे निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटन परिसरात पोलिसांनी गोळीबार केला; त्यात १५ जण मृत्युमुखी पडले. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच पुन्हा उद्रेक झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांची १०६ ही संख्या मराठी मनात कायमची कोरली गेली.

१०/
१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. चौकाला ‘हुतात्मा चौक’ हे नाव मिळाले आणि पुढे कारंज्याशेजारी स्मारक उभे राहिले. त्यावरील दोन आकृती एकत्र मशाल धरून आहेत : एक कामगार, दुसरा शेतकरी. कामगार गिरणगावचा, हे सांगावे लागत नाही. शेतकऱ्याकडे मात्र जरा थांबून पाहिले पाहिजे.

११/
कारण नव्या राज्यात मुंबईची पाण्याची वाट आणखी वर गेली. वैतरणा नदी त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून पश्चिमेला अरबी समुद्राकडे वाहते. तिच्यावरील मोडकसागर १९५० च्या दशकातच झाला होता. त्याच्याही वर, नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा प्रकल्प पूर्ण झाला. घोटीहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्याचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला दिसतो.

१२/
घोटीचे भौगोलिक स्थान विलक्षण आहे. मुंबई–आग्रा मार्गावरील, इगतपुरीच्या पुढचे स्थानक असलेले हे भाताच्या बाजाराचे गाव. फोर्टची तटबंदी कोसळत होती त्याच सुमारास, १८६५ मध्ये, रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचली. या परिसरात पाण्याची वाटणी होते. दारणा पूर्वेकडे गोदावरीला मिळते, वैतरणा पश्चिमेकडे जाते. दारणेवर १९१६ मध्येच धरण झाले. त्याचे पाणी कालव्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंत पोहोचले. वैतरणेचे पाणी मुंबईला गेले.

१३/
इगतपुरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात याच तालुक्यातील वाड्या-पाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात, टँकरची वाट पाहिली जाते. बेसाल्टचा कठीण खडक, तीव्र उतार आणि पातळ माती यांमुळे पावसाचे पाणी मुरत नाही, वाहून जाते. जे अडवले जाते, त्यातले बरेचसे दूरच्या नळांसाठी आणि कालव्यांसाठी राखलेले असते. धरणाखाली जमिनी गेल्या त्या इथल्या शेतकऱ्यांच्या.

१४/
यात मुंबईकराला दोषी ठरवण्याचे कारण नाही. तहान शहरालाही असते, आणि विहिरींवर महानगर जगत नाही. पण १९४८ च्या त्या युक्तिवादाला दुसरी बाजूही आहे. पाण्यामुळे मुंबई महाराष्ट्राची ठरत असेल, तर त्याच पाण्यामुळे मुंबईवर महाराष्ट्राच्या डोंगराळ गावांचे ऋणही ठरते. पहिला अर्थ आपण लढून मिळवला. दुसऱ्याचा हिशेब अजून बाकी आहे.

१५/
फ्लोराच्या मूळ दगडावर मधल्या काळात रंगाचे थर चढले होते आणि कारंजे दीर्घकाळ कोरडे होते. जीर्णोद्धारानंतर जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. तेथे गेल्यास शिल्प जरूर पाहावे. शेजारच्या स्मारकावरील शेतकऱ्याकडेही पाहावे. आणि पावसाळ्यात धरणांच्या साठ्याची बातमी येते, तेव्हा सात तलावांच्या यादीत ऊर्ध्व वैतरणा हे नाव शोधावे. त्या यादीतला नाशिक जिल्ह्यातला जलाशय तो एकच.