विषाचे सहा तास

तांबडा विंचू चावल्यावर शरीरात काय काय घडतं, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी बसून टिपलं. 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. पोलादपूरच्या डोंगरवाडीतल्या मुलाला नेमकं औषध मिळालं नाही, तर घटनाक्रम साधारण असा :

0 तास : पेंढा ओढताना बोटाला नांगी लागते.

अर्धा तास : सदरा घामाने चिंब. उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय गार. ठणका फारसा नाही म्हणून घरचे निर्धास्त. खरा धोका तिथेच असतो.

2 तास : विषाने मज्जातंतू चेकाळतात, अॅड्रेनालिनचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. घरात मात्र अजून विंचू उतरवणं चालू असतं.

4 तास : आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलून हृदय थकतं. नाडी पळते, धाप लागते.

6 तास : फुप्फुसांत पाणी, तोंडातून गुलाबी फेस. काहींना हे पहिल्या तासातच होतं. पूर्वी या अवस्थेतल्या शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण दगावत.

आवळलेल्या वाहिन्या सैल करणं हाच उपाय होता. सोडियम नायट्रोप्रुसाईडने ते साधतं. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने सोडावं लागतं आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते. आडगावात हे कोण करणार? प्राझोसिनची साधी गोळी तेच काम तोंडावाटे करते. बेशुद्ध मुलाला ती नाकातल्या नळीतून देता येते. रक्तदाब उतरू शकतो म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं. या गोळीने मृत्यूंचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं.

पुढे महाडमध्येच 70 रुग्णांवर तुलना झाली. 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला निकाल असा : 10 तासांत नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8 जण पूर्ण बरे झाले, तर शिरेतून प्रतिविष आणि जोडीला प्राझोसिन दिलेल्यांत 35 पैकी 32.

म्हणजे प्रतिविष हवंच, पण ते रुग्णालयात मिळणार. दुसऱ्या तासाच्या आत वाडीपर्यंत पोचू शकते ती गोळी. ती प्रत्येक उपकेंद्रात असलीच पाहिजे, आणि मूल घामाने भिजलं की मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठायचा, हे प्रत्येक आईबापाला ठाऊक असलंच पाहिजे.